बसल्या जागी अपघात

माझ्या वयाच्या पुरुषांची हाडं मोडतात ती चारचौघांत सांगायला बरं वाटेल अशा ठिकाणी. आमच्या सोसायटीतल्या एकाचा घोटा हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेत गेला. ऑफिसातल्या दुसऱ्याचं कॉलरबोन ताम्हिणी घाटात बुलेटखाली आलं. दोघांकडे प्लास्टरचे फोटो आहेत आणि फोटोत मागे ढगात बुडालेला डोंगर आहे. माझा अंगठा गेला तो कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, मागच्या खोलीत, चाकांच्या खुर्चीवर बसलेलो असताना. अंगात बनियन, खाली बर्म्युडा. फोटो मुलानं काढला. त्यात मागे इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग आहे.

त्यातून माझी नोकरी अशी, की हे कुठे बोलायची सोय नाही. मी विमा कंपनीत मोटार क्लेमच्या टेबलावर बसतो. अपघात कसा झाला हे लोक मला सांगतात आणि त्यावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. 'साहेब, कुत्रं आडवं आलं' हे मी इतक्यांदा ऐकलंय, की पुणे जिल्ह्यातली समस्त कुत्री आमच्याच ग्राहकांच्या वाटेवर ड्युटीला लावलेली असावीत.

सुरुवात झाली २०२० साली, लॉकडाउनमध्ये. फॉर्म्युला वनच्या खऱ्या शर्यती बंद पडल्या आणि शार्ल लक्लेर, जॉर्ज रसेल, लँडो नॉरिस अशी मंडळी आपापल्या घरी स्टिअरिंग लावून कॉम्प्युटरवर एकमेकांशी शर्यती खेळू लागली. ते सगळं यूट्यूबवर दिसायचं. मी विचार केला, लक्लेर घरी बसलाय, मीही घरीच बसलोय, म्हणजे निम्मं तर मला जमलेलंच आहे.

सिंहगड रोडवरच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडून जुनं स्टिअरिंग आणलं. त्याच्या आत दात्यांची चाकं होती. गाडी कडेच्या पट्ट्यांवरून गेली की ते खडखड करत हातात थरथरायचं. जोर बेताचा, दोन न्यूटन मीटरच्या आसपास. पण खोड्या त्याच्याही होत्या. चालू केलं की ते आपलं आपण डावीकडे टोकापर्यंत आणि मग उजवीकडे टोकापर्यंत फिरून यायचं, आपला मध्य कुठे आहे ते शोधायला. त्या वेळी मध्ये चहाचा कप धरलेला हात असला तरी त्याला फरक पडत नसे. हे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरतं. एकदा हेडफोनची वायर त्यात अडकली आणि गाडी नेमकी गिरकी घेऊ लागली. पहिल्या फेऱ्यात वायर ताणली, दुसऱ्या फेऱ्यात माझी मान खाली आली आणि उरलेल्या अर्ध्यात कपाळ स्टिअरिंगला टेकलं. दारातून पाहणाऱ्या आमच्या हिला वाटलं मी नमस्कार करतोय.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण ओंकार म्हणाला, "बाबा, तू डायरेक्ट ड्राइव्ह घे. बाकी सगळी खेळणी आहेत." खेळणी हा शब्द मला लागला.

डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे मध्ये दाते नाहीत, पट्टा नाही, मोटरच्या दांड्यावरच स्टिअरिंग बसवलेलं. मोटरच्या मनात आलेली गोष्ट मध्ये कुठेही न हरवता थेट आपल्या मनगटात. मी निवडलेलं यंत्र ८ न्यूटन मीटरचं होतं. खरेदीपूर्वी हिच्याशी चर्चा झाली. माधवी स्टेट बँकेत आहे, तिला आकडे सांगितले की ती नीट ऐकून घेते.

"पॉवर स्टिअरिंग आहे का?"

"नाही, उलट आहे."

"उलट म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम जड केलंय. मोटर आपल्याविरुद्ध जोर लावते."

"आणि त्याचे पैसे जास्त?"

"जेवढं जड तेवढे जास्त."

ती लग्नाआधी तिच्या वडिलांच्या मारुती ८०० वर गाडी शिकली. त्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. लक्ष्मी रोडला समांतर पार्किंग करून आलं की तिचे दंड भरून यायचे. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "बाबांची गाडी आपण तीस हजाराला दिली, अहो."

तिला मी जे सांगितलं ते खरंही होतं. जोर लागतो म्हणूनच मजा आहे. खऱ्या गाडीत वळणावर पुढचे टायर सतत सरळ व्हायला बघत असतात. तो ओढा स्टिअरिंगमधून हातात येतो आणि त्यावरून ड्रायव्हरला कळतं, की टायरनं रस्ता किती धरलाय. टायर सुटायला लागला की स्टिअरिंग एकदम हलकं पडतं. डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला समजतं. गेम हे सगळं सेकंदाला शेकडो वेळा मोजतो आणि मोटरला हुकूम सोडतो. हे एकदा हातात आलं की साध्या कंट्रोलरवर गाडी चालवणं नको वाटतं, हे मी आजही, अंगठा असा असताना, म्हणेन.

पण ८ न्यूटन मीटर म्हणजे किती, हे मला खोकं उघडल्यावर कळलं. शाळेतलंच सूत्र आहे. स्टिअरिंगचा व्यास ३० सेंटिमीटर, त्रिज्या १५, म्हणजे कडेला जवळपास साडेपाच किलोचा जोर. ऐकायला काहीच नाही. साडेपाच किलोची पिशवी आपण मंडईतून सहज आणतो. पण मंडईतली पिशवी हातात स्वस्थ लोंबते. ती चालता चालता अचानक उलट्या दिशेला उडी मारत नाही, आणि उडी मारताना तिच्या पट्ट्यात आपला अंगठा अडकवलेला नसतो. फिनलंडच्या सिमुक्यूबचं सर्वांत दांडगं यंत्र ३२ न्यूटन मीटरचं होतं. म्हणजे कडेला एकवीस-बावीस किलो. त्याच्याबरोबर कारखान्यातल्या मशिनला असतं तसं मोठं लाल बटण येतं, दाबलं की सगळं बंद. दिवाणखान्यात बसून खेळायच्या वस्तूबरोबर असं बटण येतं यावरून शहाण्यानं काय ते समजावं. आमच्या यंत्राबरोबर बटण नव्हतं, सूचनांची छोटी पुस्तिका होती. टेबल डुगडुगत होतं म्हणून ती मी घडी घालून टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल छान बसलं.

टेबल म्हणजे ओंकारचं दहावीचं प्लायवूडचं टेबल. स्टिअरिंग त्याला शिकंज्यानं आवळलं, पण मी वळण घेतलं की स्टिअरिंग जागेवर राहून टेबल वळायचं. शेवटी टेबल भिंतीला लावून मागच्या पायांशी विटा रचल्या. मग खुर्चीनं दगा दिला. पायाशी लावलेल्या ब्रेकच्या पेडलला ते किती खाली गेलं यापेक्षा आपण किती जोर लावला हे कळतं. ते दणकून दाबावं लागतं. दाबलं की चाकांची खुर्ची मागे पळायची. २५० च्या वेगात ब्रेक मारला की गाडी थांबायच्या ऐवजी मीच कपाटापर्यंत जायचो. यावर जगभर चालणारा उपाय म्हणजे खुर्चीचं एकेक चाक एकेका जुन्या बुटात ठेवायचं. खुर्चीला चाकं पाच, म्हणजे बूट अडीच जोड. माझे दोन, ओंकारचे दोन आणि पाचव्या चाकासाठी अण्णांची एक कोल्हापुरी घेतली. दुसरी तिच्याशेजारी उगाच पडून असायची. त्यामुळे अण्णा रोज सकाळी मागच्या खोलीत येऊन आधी खुर्ची तिरकी करायचे आणि मग फिरायला जायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कोरेगावहून आले ते राहिले.

ओंकारनं सगळं जोडून दिलं आणि सेटिंगमध्ये जोर चाळीस टक्क्यांवर ठेवला. "याच्यावर नेऊ नको," म्हणाला. तो क्लासला गेला आणि मी स्क्रीनवरच्या त्या चाळीसकडे पाहत बसलो. आपण पैसे शंभर टक्के मोजलेत. बिलावर कुठेही चाळीस टक्के लिहिलेलं नाही. साठ टक्के मोटर नुसती बसून राहणार आणि तिचे हप्ते मी भरणार, हे हिशेबात बसेना. मी पट्टी उजवीकडे सरकवत शेवटपर्यंत नेली.

शंभरावर त्याचा स्वभावच बदलला. सरळ रस्त्यावर चष्मा पुसायला हात सोडले, तर स्टिअरिंग आपलं आपण डावीकडे-उजवीकडे हलू लागलं. आधी बोटभर, मग वीतभर, मग सपासप, आणि त्याच्याबरोबर टेबल, विटा, पेनस्टँड सगळं. माधवी धावत आली. "अहो, याला फिट आली!" मी तिला समजावलं, की गेमचा हुकूम मोटरपर्यंत पोचायला क्षणाचा उशीर होतो, तेवढ्यात स्टिअरिंग मध्याच्या पुढे निघून जातं, मग मोटर त्याला मागे खेचते, ते परत पुढे जातं. धरणारे हात असले की ते शांत राहतं. तिनं माझं सगळं ऐकलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

आता तो दिवस. आमच्या जिल्ह्यात रस्त्यांना तोटा नसताना मी जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला गेलो होतो. तिथला नॉर्डश्लाइफ हा जुना ट्रॅक, २०.८ किलोमीटर, आयफेलच्या जंगलातून वर-खाली जाणारा. जॅकी स्टुअर्टनं त्याला हिरवा नरक म्हटलं होतं. निकी लाउडा १९७६ साली इथेच होरपळला. असेटो कोर्सा या गेममध्ये तो लेझरनं मोजून उतरवलाय, म्हणजे रस्त्याचा उंचवटान् उंचवटा जसाच्या तसा. मी पोर्शे घेऊन निघालो. फुक्सरोर नावाचा उतार लागतो, तिथे गाडी झाडांमधून खाली झेपावते, तळाशी दबते आणि चढाला लागते. तो मी तोपर्यंत कधीच इतक्या वेगात उतरलो नव्हतो. मनात आलं, हे ओंकारनं बघायला हवं होतं. त्याच्यापुढे लगेच आडेनाउअर फोर्स्ट येतं. आंधळ्या चढानंतर डावं-उजवं असं अगदी हळू घ्यायचं वळण. नवख्या माणसाला तिथे गवतात घालवण्याची त्या जागेची ख्यातीच आहे.

ब्रेक मारला, कोल्हापुरीतलं चाक निसटलं आणि खुर्ची एका बाजूनं मागे गेली. शरीर मागे, हात पुढे. गाडी गवतावरून सरळ जाऊन कठड्याला उजव्या कोपऱ्यावर आदळली आणि स्टिअरिंग डावीकडे गर्रकन फिरलं. मी दोन्ही अंगठे मधल्या आडव्या दांडीवर आतून अडकवलेले होते, टीव्हीवर सगळे ड्रायव्हर धरतात तसे. डावा सुटला. उजवा दांडीबरोबर वर गेला. बाकीचा हात तिथेच राहिला.

आवाज आला. टेबलाचा असेल असं मला काही सेकंद वाटलं.

कॅज्युअल्टीच्या काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती. "कसं लागलं?"

"गाडी चालवताना. कठड्याला धडकली. स्टिअरिंगचा हिसका बसला."

तिनं लिहिलं, आरटीए. "मग एमएलसी करावी लागेल, काका. पोलिसांना कळवायला लागतं. कुठे झाला अपघात?"

ओंकार माझ्या मदतीला आला होता. "आडेनाउअर फोर्स्टच्या आधी."

"कोणत्या पोलीस स्टेशनच्या हद्दीत येतं?"

"जर्मनीत आहे ते."

तिनं पेन थांबवलं. "आणि झाला कधी?"

"अर्धा तास झाला असेल," मी म्हणालो.

ती काउंटरवरून थोडी पुढे वाकली आणि तिनं वास घेतला. मी ओळखलं. मीही क्लेमवाल्यांसमोर असाच वाकतो. मग ओंकारनं मोबाइलवर स्टिअरिंगचा फोटो दाखवला, तिनं आतल्या डॉक्टरांना विचारलं, आत हशा झाला आणि केसपेपरवर शेवटी आलं, 'घरगुती उपकरण हाताळताना इजा'. माझ्या आधी मिक्सरच्या पात्यावर बोट कापलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांच्याशेजारी मला बसवलं.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. हाड शाबूत होतं. मग त्यांनी माझा अंगठा हलकेच बाजूला ढकलून पाहिला, तोंडातून जे निघालं ते मी इथे लिहीत नाही. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूनं एक लिगामेंट असतं, आपण चावी फिरवतो किंवा चिमटीत कागद धरतो तो त्याच्या जिवावर. ते अर्धवट फाटलं होतं. १९५५ साली कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरनं स्कॉटलंडमधल्या शिकारी जंगलांच्या रखवालदारांमध्ये हे नीट नोंदवलं. ते लोक ससे मारताना अंगठ्याच्या बेचक्यात मान धरून हिसका द्यायचे, जन्मभर. पुढे बर्फावर स्की करणाऱ्यांना हे व्हायला लागलं, हातातली काठी पडताना अंगठ्यात अडकून. "तुम्ही स्की करता का?" डॉक्टरांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं, म्हणाले, या केसची हिस्ट्री विचारा. दोघांनी विचारली. मग दोघांनी आळीपाळीनं तो अंगठा बाजूला ढकलून पाहिला.

निघताना धीर द्यावा म्हणून ते म्हणाले, की असं काही पहिल्यांदाच होतंय असं नाही. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९९० साली निन्टेंडो खेळून अंगठ्याची शीर धरलेल्या एका बाईंची केस छापून आली होती आणि २००७ साली वी नावाच्या यंत्रावर टेनिस खेळून खांदा आखडलेल्या एका तरुण डॉक्टरची. त्याला उपाय काय, तर गोळ्या आणि खेळणं पूर्ण बंद. मला अंगठ्यासकट मनगटाला कडक पट्टा मिळाला, महिना-दीड महिना काढायचा नाही.

घरी अण्णा सोफ्यावर बसले होते. कुठे, कसं, किती खर्च, काही नाही. पट्ट्याकडे पाहून पहिला प्रश्न, "अंगठा आत होता का बाहेर?"

"आत."

"मग बरोबर आहे," म्हणाले आणि उठले. दारामागची छत्री आणली, वाकडी मूठ खाली करून धरली. "हे बघ. विहिरीवरच्या इंजिनाचं हँडल. चार बोटं आणि अंगठा एकाच बाजूला. असा. मुठीत नाही घ्यायचं, नुसतं बोटांवर अडकवायचं. डिकॉम्प्रेशनचा खटका वर करायचा, चार-सहा फेरे द्यायचे, चाकाला गती आली की खटका सोडायचा. इंजिन लागलं तर हँडल सुटून येतं. नाही लागलं तर उलटं मारतं. तेव्हा मूठ आपली आपण उघडली पाहिजे." त्यांनी छत्री सोडून दाखवली. ती टीपॉयवर पडली. "आपल्या भावकीतला तो, मनगट वाकडं असलेला, त्याचा अंगठा आत होता."

अण्णा सांगत होते ते पुस्तकातही आहे. पूर्वी मोटारी हँडल मारून चालू करायच्या. इंजिन उलटं फिरलं की हँडल मनगटावर बसायचं आणि अंगठ्याच्या बाजूचं हाडाचं टोक तुटायचं. त्या मोडीला आजही शोफर्स फ्रॅक्चर म्हणतात. १९१२ साली कॅडिलॅकनं चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसवला आणि श्रीमंतांचे शोफर सुटले. अण्णांच्या विहिरीवर ती सोय यायला बराच काळ गेला. मग १९५१ साली क्रायस्लरनं इम्पीरियल गाडीत पॉवर स्टिअरिंग विकायला काढलं, म्हणजे खड्ड्याचा हिसकाही हातापर्यंत येईना. एकूण काय, माणसाच्या मनगटाला धक्का लागू नये म्हणून दोन पिढ्यांचे इंजिनिअर खपले, आणि तो धक्का हप्त्यानं परत विकत आणणारा मी पेठेतला नसलो तरी पुणेकर.

"तरी तुला शेतावर नेत होतो तेव्हा सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. सांगितलं असणार. मी तेव्हा विहिरीत पोहत होतो.

ऑफिसात मी दुसरी बाजू लावून धरली. तिथे मी फॉर्म्युला वनच्या डॅनियल रिकार्डोचं नाव घेत असे. २०२३च्या ऑगस्टमध्ये झांडफोर्टला सरावाच्या वेळी पुढे थांबलेली गाडी चुकवताना तो भिंतीवर गेला, आदळायच्या क्षणी त्याचे हात स्टिअरिंगवरच राहिले आणि डाव्या तळहाताचं हाड मोडलं. म्हणूनच फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर एरवी धडक चुकत नाही असं दिसलं की हात सोडून छातीशी घेतात. पाच शर्यती त्याला बसावं लागलं. हे मी घरीही सांगितलं, फॉर्म्युला वनच्या माणसाचंही होतं या सुरात.

माधवी पोळ्या करत होती. "त्याच्या जागी कुणी आलं होतं का?"

"आलं ना. लियाम लॉसन."

"मग तुमच्या जागी भांडी लावायला कोण येणार आहे तेही बघा."

उजवा अंगठा नसला की काय काय अडतं याची मला कल्पना नव्हती. शर्टाची बटणं, बरणीचं झाकण, लिंबू, नोटा मोजणं, मोबाइलवरचा पासवर्ड. कुलूप उघडताना मी दोन्ही हातांनी चावी धरायचो आणि शेजाऱ्यांना वाटायचं दार तोडतोय. रिक्षावाल्याला सुटे देताना तर इतका वेळ लागायचा, की एकानं "राहू द्या काका" म्हणून पैसे सोडले. पुण्यात ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, म्हणून जास्त सांगत नाही.

अपघात विमा माझा होताच. फॉर्म भरायचा की नाही यावर माझे मीच क्लेम विभागासारखे वाद घातले. पॉलिसीत अपघाताची व्याख्या ठरलेली असते. अचानक, अनपेक्षित, इच्छेविरुद्ध आणि बाह्य, दृश्य, हिंसक कारणानं घडलेली घटना. अचानक होती. बाह्य होती. हिंसक किती, ते दोन शिकाऊ डॉक्टरही सांगतील. मग आठवलं, आरोग्य विम्यात साहसी खेळांचा अपवाद असतो, त्यात गिर्यारोहण, पॅराजंपिंग यांच्या रांगेत मोटार रेसिंग हे शब्द स्पष्ट छापलेले आहेत. दोन मिनिटं घाम फुटला. पण नियम फक्त व्यावसायिक खेळाडूंना लागू आहे, आणि मी व्यावसायिक नाही हे सिद्ध करायला माझी आजवरची लॅपची नोंद पुरेशी होती. एकही लॅप पूर्ण नव्हती.

फॉर्म गेला तो पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे. त्यानं तो वाचून मला बोलावलं आणि समोरच्या, म्हणजे लोकांना बसवतो त्या, खुर्चीत बसवलं.

"स्पॉटचे फोटो?"

ओंकारनं रिप्ले पाठवला होता. गेममध्ये अपघात टीव्हीच्या कॅमेऱ्यातून पुन्हा बघता येतो. सहकाऱ्यानं तो दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा त्यानं कँटीनवाल्यालाही बोलावलं.

"गाडीचं नुकसान किती?"

"काही नाही. रीसेट केली."

"समोर काही आलं होतं का?"

मी क्षणभर थांबलो. "कुत्रं," मी म्हणालो.

तो माझाच शिष्य. हसलाही नाही. "सही कुणी केलीय यावर?"

"मीच. डाव्या हातानं."

"सही करता येते, रोज ऑफिसला येता, मग तात्पुरतं पूर्ण अपंगत्व कसं?" हे वाक्य मी त्याला शिकवलेलं. शब्दही माझेच. फाइलवर 'नामंजूर' लिहून त्यानं माझ्याकडे सरकवली, मग उचलायला मला जमेना तेव्हा उठून स्वतः हातात दिली.

पट्टा निघेपर्यंत स्टिअरिंगवर टॉवेल टाकून ठेवला होता. एका दुपारी अण्णांनी तो काढला आणि ओंकारला म्हणाले, "चालू कर रे. बघू काय जर्मनी आहे." मी दारात उभा राहिलो. जोर चाळीसवर होता, आता तो बदलायला पासवर्ड लागतो. अण्णांनी आधी खुर्चीखालून आपली कोल्हापुरी काढून घेतली. स्टिअरिंग धरलं, दोन्ही अंगठे बाहेर, चार बोटांच्या शेजारी. पोर्शे निघाली, ताशी चाळीस. पूर्ण डाव्या बाजूनं. "हॉर्न कुठंय?" प्रत्येक आंधळ्या वळणाआधी ते विचारत होते. समोरून कुणी येत नाही, एकेरी रस्ता आहे, एरवी सामान्य माणसालाही टोल भरून तिथे स्वतःची गाडी नेता येते, असं ओंकारनं सांगितलं. "टोल आहे? मग रस्ता चांगला असणारच. खेड शिवापूरला पण म्हणावं बघून या."

आडेनाउअर फोर्स्टला त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली, दोन्हीकडे पाहिलं आणि पार केली. पुढे कारुसेल आलं, सिमेंटचं खोलगट वळण, सगळे आत उतरून जातात. अण्णा वरून गेले. "गटारात कशाला उतरायचं?" ओंकार म्हणाला, "आजोबा, सांगतात की ते गटारच होतं. काराचिओला नावाच्या ड्रायव्हरनं आतली चाकं त्यात घालून वळण काढलं, तेव्हापासून त्याचंच नाव आहे." "घातली असतील," अण्णा म्हणाले, "गाडी मालकाची असली की घालतात."

२०१८ साली टिमो बर्नहार्डनं पोर्शेमधून ही फेरी ५ मिनिटं १९ सेकंदांत मारली. अण्णांना अर्ध्या तासाहून जास्त लागला. मध्ये एकदा चहा झाला. पण स्क्रीनवर घड्याळ थांबलं आणि लॅपची नोंद झाली, या घरातली पहिली आणि एकुलती. अण्णांनी हात सोडले, स्टिअरिंग जागच्या जागी शांत राहिलं.

"हलकं आहे रे," म्हणाले. "ट्रॅक्टर नाही का यात?"

आहे. फार्मिंग सिम्युलेटर म्हणून स्वित्झर्लंडच्या कंपनीचा गेम आहे आणि तो या स्टिअरिंगवर चालतो, हे ओंकारनं सांगायला नको होतं. आता दुपारभर मागच्या खोलीत नांगरट चालू असते. माझा पट्टा निघालाय, पण माझा नंबर अण्णा सातच्या बातम्यांना बसले की लागतो, आणि तेव्हाही आधी नांगर सोडवून ठेवायला लागतो. परवा विचारलं, कसा आहे गेम. म्हणाले, माती बरी दाखवलीय, ट्रॅक्टर दमदार आहे. "पण बटण दाबलं की मजूर लगेच हजर होतो, हे काही पटलं नाही बाबा."